हापालाचं बाड

डुलुथच्या चर्चखाली, बॉयलरच्या बाजूला
मंगळवारचं टेबल. एक पाय आखूड,
त्याखाली स्तोत्रांचं जुनं पुस्तक. पाद्रीबाईंना ठाऊक आहे,
त्या काही बोलत नाहीत.
टेबलावर बाड,
सुतळीनं बांधलेलं, कडा कॉफीनं तांबूस,
ऑरिन हापालानं एकेचाळीस वर्षं जुळवलेलं.

पातळ पुस्तकातून त्यानं अंधाराची मोजणी घेतली:
मशाल जळते सहा फेऱ्या,
मग बुटक्यांनाच दिसतं.
जाड पुस्तकातून शाप, विषं, दारांच्या कड्या.
तिसरं कुणाच्या गॅरेजमधलं, पन्नास सेंटचं,
मुखपृष्ठ गेलेलं,
त्यातून फक्त हवामान.
एका पुस्तकात चिलखत जितकं चांगलं तितका आकडा खाली,
दुसऱ्यात तितका वर.
आवळ्याभोपळ्याची मोट, डेल्फीन कुरकुरायची.
ऑरिन म्हणायचा, मोट गळतेच.
पाणी वर येतंय ना?

बंदरावर लोहखनिजाच्या बोटी भरण्यात त्याचा जन्म गेला,
म्हणून ओझ्याचा नियम कुठल्याच पुस्तकातला नाही.
पुस्तकं वजन नाण्यांत मोजतात.
त्यानं ते खोडून लिहिलं:
"दोन्ही हातांनी उचलावं लागतं ते एक ओझं.
सहा झाली की पळता येत नाही.
पडलेला भिडू म्हणजे सहा."

फेब्रुवारीत तो गेला.
जमीन इतकी गोठलेली की दफन मे महिन्यावर ढकललं.
पेटी उचलायला आम्ही सहाजण होतो.
हे कुणी मोजलं नाही,
मी मोजलं. मी टपाल वाटते,
मला दारं मोजायची सवय आहे.

आता बाड माझ्याकडे.
मरणाचं पान तीनदा लिहिलेलं:
शाईत, "शून्यावर मेला." त्यावर काट.
हिरव्या शाईत, "उणे दहापर्यंत धुगधुगी." त्यावरही काट.
खाली पेन्सिलीनं एकच शब्द:
"विचारा."

कुणाला?
काल्ले म्हणतो फाश्याला.
डेल्फीन म्हणते खेळाडूला.
मला वाटतं त्याला काहीतरी बघायचं होतं
आणि तेवढ्यात कॉफी उकळली असेल.

काल डेल्फीनची ओडेट खड्ड्यात पडली.
अकरा वर्षांची, इतके दिवस लिंबूटिंबू,
तिचं मरण आम्ही कधी धरलंच नव्हतं.
पण या खेपेला दान उघड्यावर पडलं,
ऑरिनच्याच फाश्यावर,
ज्याच्या आकड्यांत त्यानं मेणखडू घासला होता.
उणे चार.
रडीचा डाव खडी, असं ती कधी म्हणत नाही.
बॉयलर खोकला. आम्ही पानाकडे बघत बसलो.

"मला विचारताय?" ओडेट म्हणाली.
"मग आधी सांगा, उचलणार कोण?"

काल्लेनं वहीत बघितलं. दोरखंड, तंबू, पहार,
सोन्याच्या दोन थैल्या,
आणि सोनं म्हणजे अनुभव, हा नियम मात्र
तिन्ही पुस्तकांत एकच.
त्यानं रबर घेतलं. आधी तंबू. मग पहार.
मग बराच वेळ काही नाही.
मग एक थैली. नाक ओढत, दुसरी.

मी पेन्सिलीला टोक काढलं,
"विचारा"च्या आधी काय लिहावं ते सुचेना,
नंतर काय लिहावं तेही.
समास मोकळाच ठेवला.

मशालीच्या दोन फेऱ्या उरल्यात.
काल्लेच्या पाठीवर ओडेट आहे, त्याला पळता येत नाही,
डेल्फीन पुढे बघते, मी मागे,
आणि पडद्याआड मला आधीच माहीत आहे
बोळात कसला आवाज आला ते.
फासा माझ्या मुठीत ऊब धरतोय.
पुढचा मंगळवार यायला सहा दिवस आहेत.